टप्प्याटप्प्याने मंजुरी: पर्यावरणाचा हिशेब कधी मांडायचा?

बोअरवाला, लातूर
2006 च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे 20,000 चौरस मीटरपासून पुढच्या बांधकामाला आधी पर्यावरण मंजुरी लागते. समजा एखाद्याने पहिला टप्पा 19,000 चा दाखवला, दोन वर्षांनी शेजारच्याच गटात दुसरा काढला. कागदावर प्रकल्प दोन, बोअर मात्र एकाच खडकात. 2016 ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या शहरात तरी सगळ्या टप्प्यांचं पाणी पहिल्याच दिवशी मोजलं पाहिजे.

जालनेकर
तुकडे पाडून नियम चुकवायला आजही परवानगी नाही. आणि दहा वर्षांनंतरच्या चौथ्या टप्प्याचं सांडपाणी आज कोण सांगणार? कन्सल्टंट आकडे बसवून देतो, झालं. इथली पोरं कामाला पुण्याला चाललीत, आपण फायली अडवा.

बोअरवाला, लातूर
परवानगी नाही हे कळतं. पण कुणी तक्रार केल्याशिवाय दोन फायली शेजारी ठेवून बघतं कोण?

गोदाकाठ
जालनेकर, तुमचाच मुद्दा तुमच्या विरोधात जातो. लंडनच्या क्रिस्टल पॅलेस पार्कातल्या करमणूक संकुलाला 1998 मध्ये मूल्यांकनाशिवायच ढोबळ आराखड्यावर परवानगी मिळाली. तपशील पुढे आले तेव्हा रहिवाशांनी मूल्यांकन मागितलं, तर उत्तर मिळालं की ती वेळ गेली. वाद युरोपीय न्यायालयात पोचला. 4 मे 2006 चा निकाल असा: परवानगी टप्प्यांत असेल आणि परिणाम सुरुवातीला ओळखता आले नसतील, तर पुढच्या टप्प्यावरही मूल्यांकन करावं लागेल. आज सांगता येत नाही ना? मग कळेल तेव्हा सांगा, पण काम सुरू करण्याआधी.

जालनेकर
म्हणजे दर टप्प्याला नव्याने अडवणूक. पहिला टप्पा बांधून झाल्यावर दुसरा नाकारला तर बँकेचं कर्ज कोण फेडणार? घरं बुक केलेल्यांनी काय करायचं? लंडनचं उदाहरण द्यायला सोपं आहे.

कोरडवाहू, बीड
मूल्यांकन एकदा करा नाहीतर चारदा, त्याच अधिसूचनेत बांधकाम आणि टाऊनशिपला सहसा जनसुनावणीच माफ आहे. बांधाला बांध लागून ज्याची विहीर आहे, त्याला विचारलंच जात नाही. आधी ती सूट काढा, मग टप्प्यांचं बघू.

जालनेकर
सुनावणीला माझी ना नाही. अधिसूचनेत तिला 45 दिवस दिलेत, तेवढ्यात उरका. त्यापुढे तारखांवर तारखा नकोत.

बोअरवाला, लातूर
चालेल. फक्त पाण्याच्या रकान्यात ‘टँकर’ लिहून सुटका नाही.