पहिलावहिला सफरचंदाचा केक, आयसिंगसकट: आपापली फजिती लिहा

वाशीच्या एपीएमसीतून आम्ही तीन शेजारणींनी मिळून किन्नौरी सफरचंदांची पेटी आणली. वाटणी होऊनही माझ्याकडे ढीग उरलाय. केक करायचं ठरवलंय, आयुष्यात पहिल्यांदाच, आणि वरून आयसिंगही. रेसिपी ढिगाने मिळतात. मला तुमचं काय चुकलं ते हवंय.

घोडबंदर रोडवरून
घ्या, माझ्यापासूनच सुरुवात. चार सफरचंदं किसली आणि कीस न पिळता तसाच मिश्रणात ढकलला. पाणी सुटणार हे डोक्यातच आलं नाही. १८० डिग्रीवर ३५ मिनिटांनी वरून मस्त तांबूस, पण सुई खुपसली तर चिखल. मग वर फॉइल झाकून आणखी २५ मिनिटं. तोवर नवऱ्याच्या वाढदिवसाची मंडळी दारात! घाईघाईत गरम केकवरच बटर आयसिंग थापलं. ते केकवरून ताटात, ताटातून ओट्यावर. त्यात घरात होतं ते पोळीला लावायचं पिवळं खारं बटर, म्हणजे चवीलाही बोंब. सासूबाईंनी एक घास खाल्ला आणि म्हणाल्या, "सफरचंदाचा शिरा छान झालाय गं, पण वर खारं लोणी कशाला?"
आता कीस हलका पिळते, निम्म्या तर बारीक फोडीच घालते. आणि केक पूर्ण गार होईपर्यंत, म्हणजे निदान दोन तास, आयसिंगचं भांडं फ्रीजबाहेर काढत नाही.

ऐरोली
आमच्याकडे ओव्हन नाही. जुन्या कुकरची शिटी आणि रिंग काढली, तळाला मीठ पसरलं, वर जाळी, त्यावर डबा. मंद आचेवर पाऊण तास लागला. वरचा रंग फिकाच राहतो, पण आयसिंगखाली कोण बघतंय? आयसिंग चक्क्याचं केलं: रात्रभर टांगलेला चक्का, पिठीसाखर, चिमूटभर दालचिनी. श्रीखंड करता येत असेल तर हेही येतं. फक्त चक्क्यात पाणी राहू देऊ नका.

कळवा
मायक्रोवेव्हचा कन्व्हेक्शन मोड लावायचा राहिला. सहा मिनिटांत केक फुगला, दहाव्या मिनिटाला त्याची वीट झाली. जास्त काही लिहिण्यासारखं नाही.

नेरुळ
मुलीला पांढरंशुभ्र क्रीम हवं होतं. मी किराणा दुकानातून फ्रेश क्रीमची पाकिटं आणली आणि बीटरने अर्धा तास फेटत बसलो. हात भरून आले, क्रीम होतं तसंच. मग पाकीट वाचलं: फॅट २५ टक्के. फेटून उभं राहायला निदान ३०-३५ टक्के लागतं, आणि भांडं, क्रीम दोन्ही बर्फासारखं थंड. शेवटी ते क्रीम केकवर ओतलं आणि "सॉस" म्हणून वाढलं. मुलगी अजून बोलून दाखवते.

नौपाडा
लाल, पिठूळ सफरचंद भाजल्यावर विरघळून जातं, चव मात्र गोड. हिरवं आंबट फोडीला टिकतं. मी दोन्ही अर्धी-अर्धी घेतो. बिनअंड्याचा करणार असाल तर दही आणि खायचा सोडा वापरा, पण सोडा घातल्यावर मिश्रण ताटकळत ठेवू नका. ओव्हन आधीच तापलेला हवा. आमच्या सौ. फोनवर बोलत राहिल्या आणि केक बसला. (हे त्यांना सांगू नका.)

धागाकर्ती
सगळ्यांचं वाचून आज केला. कीस पिळला, निघालेला रस मी प्यायले. निम्म्या फोडी, दही-सोडा, ५० मिनिटं. मधोमध थोडा खचलाय, पण सुई कोरडी निघाली. रात्रीचे साडेअकरा वाजलेत, केक पंख्याखाली आहे, चक्का नळाला टांगलाय. घरचे म्हणतायत आयसिंगशिवायच कापूया. मी सुरी लपवून ठेवलीय.