कन्फर्म तिकीट असलेल्या पोराला काउंटरवरून परत पाठवतात, आणि वर आम्हीच हिशेब समजून घ्यायचा?

मच्छेकर
काल आपल्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या दादांनी लिहिलं की विमानाला दरवेळी चार-पाच जण येतच नाहीत, म्हणून कंपनीनं दोन-चार तिकिटं जादा विकली तर बिघडलं कुठं, त्यामुळंच तिकीट स्वस्त पडतं, आणि मागं राहिलेल्याला भरपाई मिळतेच, हिशेब समजून घ्या, बोंब मारू नका. वाचल्यापासून डोकं तापलंय.

माझा भाचा, कुवेतला एसीच्या कामावर निघालेला, पहिल्यांदाच बाहेर. गोवा-मुंबई एक तिकीट आणि मुंबई-कुवेत वेगळं, कारण तसं स्वस्त पडत होतं. रात्री साडेबाराला निघालो, चोर्ला घाटात हे धुकं, पहाटे पावणेचारला पोचलो. ताईनं कुंद्याचा डबा दिलेला, तो बॅगेत चेपेल म्हणून पोरगं मांडीवर धरून बसलेलं. काउंटरवरच्या बाईनं पासपोर्ट बघितला, स्क्रीन बघितली, परत पासपोर्ट बघितला आणि म्हणाली बाजूला थांबा. पंचवीस मिनिटं थांबलो. मग सांगितलं, विमान फुल्ल, दुपारच्या विमानात घालतो. दुपारचं घेऊन काय करू, कुवेतचं विमान ११ वाजताचं! तर म्हणे वेब चेक-इन का केलं नाही.

परत आलो. कुवेतचं तिकीट बुडालं, ती कंपनी म्हणते आमचा काय संबंध. नवं तिकीट २६ हजार, ताईनं भिशी उचलली. आणि चार दिवसांनी मेल आला, पोराच्या नावापुढं "नो-शो", टॅक्सचे तेवढे पैसे परत. समोर उभं होतं ओ पोरगं, डबा हातात घेऊन! आलाच नाही म्हणून लिहिलं.

टिळकवाडीचा दादा
मीच तो दादा. वाईट वाटलं, पण मी आठ वर्षं ग्राउंड स्टाफला काढलीत तेव्हा मलाही बोलायचा हक्क आहे. ट्रॅफिकमध्ये अडकलेले, आधीचं विमान चुकलेले, शेवटच्या क्षणी तारीख बदलणारे, असे लोक रोज असतात. सीट रिकामी उडाली की ती गेली, उद्या विकता येत नाही. डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा नियम स्पष्ट आहे, आधी स्वखुशीनं थांबणारे विचारायचे. एक तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर भरपाई नाही, २४ तासांच्या आतलं दिलं तर मूळ भाडं अधिक इंधन आकार याच्या दुप्पट, कमाल १०,०००. त्यापुढचं असेल तर चौपट, कमाल २०,०००. दुसरं विमान नकोच म्हटलं तर पूर्ण पैसे परत आणि वर चौपट. तुम्ही मागितलं काय? आणि परदेशी जाताना दोन वेगळी तिकिटं कोण काढतं?

मच्छेकर
ज्याच्याकडं पैसे कमी असतात तो काढतो.

आणि दादा, जो येत नाही त्याचं मूळ भाडं कंपनी ठेवूनच घेते की. म्हणजे ती सीट विकली गेलेलीच, तीच परत दुसऱ्याला विकायची, आणि दोघंही आले की एकाला हाकलायचं. शहापुरात एक साडी दोघींना विकणाऱ्या दुकानदाराला काय म्हणाल? चौपट म्हणजे पोराच्या भाड्यावर १२,४०० होतात. स्वस्त तिकीट तेवढी भरपाई कमी, म्हणजे गरिबाला मागं ठेवलेलं कंपनीला परवडतं!

निपाणीची आक्का
रेल्वे पण जादा तिकिटं देते पण तोंडावर सांगते तरी. वेटिंग म्हणजे वेटिंग, आरएसी म्हणजे अर्धा बर्थ. मी मिरजेपर्यंत अख्खी रात्र एका अनोळखी बाईबरोबर साइड लोअरवर पाय दुमडून आलेय, पण तिकीट काढतानाच ते ठाऊक होतं. कन्फर्म लिहायचं आणि कन्फर्म द्यायचं नाही ही फसवणूकच.

सांबरेकर
मला वेगळंच विचारायचंय, तुम्ही गोव्याला गेलातच का? बेळगावजवळ सांबऱ्याला विमानतळ आहे की! आमच्या भागातल्या पिकत्या जमिनी गेल्यात त्याच्यापायी. उडान, म्हणजे छोट्या शहरांच्या विमानांना अनुदान द्यायची सरकारी योजना, तिच्या तिसऱ्या फेरीत बेळगावला किती मार्ग मिळाले, लोक म्हणत होते आता दिवस पालटले. ते अनुदान तीन वर्षांचं, ते संपलं की एकेक विमान बंद. का तर परवडत नाही. आणि तुम्ही सगळे चोर्ला उतरून गोव्याला, नाहीतर हुबळीला.

टिळकवाडीचा दादा
हे मात्र खरं. एटीआरला, म्हणजे इथं येणाऱ्या छोट्या विमानाला सत्तरेक सीटा, त्यात तीस माणसं बसली तर कोण उडवणार?

मच्छेकर
सांबऱ्याहून सोयीच्या वेळेचं विमान असतं तर रात्री घाट उतरायची मला हौस आहे काय? विमान नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून विमान नाही, हे किती वर्षं ऐकायचं?

सांबरेकर
हुबळीला विमानं राहतात ती कशी? तिथले पुढारी दिल्लीत जाऊन बसतात. आपले फक्त निवडणुकीत सांबऱ्याचं नाव घेतात. माझ्या वडलांच्या शेतात भात होत होता ओ, आता कुंपणाबाहेरून बघतो.

टिळकवाडीचा दादा
पुढाऱ्यांनी विमान चालत नसतं, प्रवाशांनी चालतं. जमिनीचं दुःख वेगळं, त्याच्यासाठी रिकामी विमानं उडवायची काय?

सांबरेकर
तुमची गुंठाभर तरी गेलीय काय? टिळकवाडीत फ्लॅटमध्ये बसून शिकवू नका.

निपाणीची आक्का
भांडू नका, दोघंही. त्या पोराचं काय झालं ते सांगा आधी.

मच्छेकर
गेलं, नऊ दिवसांनी. पण मालकानं नऊ दिवसांचा पगार कापला. आणि दादा, आणखी एक. पोराला जसं नो-शो लिहिलं तसं किती जणांना लिहीत असतील? आणि तेच नो-शो मोजून पुढच्या विमानाची जादा तिकिटं ठरवणार. तुमचा हिशेब असल्या नोंदींवर उभा आहे.

खानापूरची वकील
अमेरिकेत १९७२ साली ग्राहकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राल्फ नेडरलाच असं मागं ठेवलं होतं. तो कोर्टात गेला, प्रकरण १९७६ ला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचलं. त्यानंतर तिथं स्वखुशीनं थांबणाऱ्याला पैसे देऊ करायची पद्धत नियमात आली, ती कल्पना एका अर्थतज्ज्ञानं १९६८ लाच मांडली होती. कोणीतरी भांडलं म्हणून झालं हे. आपल्याकडं नियम आहे पण काउंटरवर सांगत कोणी नाही. २०२२ च्या जूनमध्ये डीजीसीएनं एअर इंडियाला याच भरपाईवरून १० लाखांचा दंड केला होता. मच्छेकर, थांबायला कोण तयार आहे असं विचारलं होतं काय तिथं?

मच्छेकर
नाही. सरळ आम्हालाच बाजूला काढलं.

टिळकवाडीचा दादा
नाही विचारलं तर ते चूक. आणि उभ्या माणसाला नो-शो लिहिणं याला मी आठ वर्षांत कधी हात लावला नाही, ते कोणी केलं असेल तर त्याची बाजू मी घेणार नाही. जादा विक्री बंद करा हे मला अजून पटत नाही. पण भरपाई मागायला लागू नये, तिथंच हातात मिळावी, एवढं मान्य.

मच्छेकर
एवढं कालच लिहिला असता तर मला झोप लागली असती.

खानापूरची वकील
दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगात जाता येतं, आणि २०१९ च्या कायद्यानं राहत्या जिल्ह्यात, म्हणजे बेळगावलाच. गोव्याला खेपा नकोत. बोर्डिंग नाकारलं असं लिहून घेतलंय काय?

मच्छेकर
मागितलं, दिलं नाही. पण पार्किंगची पावती आहे, ३:५२ ची. गाडीच्या काचेजवळ अजून तशीच पडलीय.

खानापूरची वकील
आत्ता जाऊन तिचा फोटो काढा, ती शाई उडते. तो नो-शोचा मेल आणि दोन्ही तिकिटं घेऊन सोमवारी या.