सेमीॲक्टिव्ह डँपरला मराठीत काय म्हणाल?

सायली_क: पुलांवरचा एक लेख मराठीत आणतेय. चीनमधल्या दोंगटिंग सरोवरावरच्या पुलाच्या तिरक्या केबल्स पाऊस-वारा एकत्र आला की थरथरायच्या. २००२ साली त्यांना चुंबकी तेलाचे सेमीॲक्टिव्ह डँपर, म्हणजे थरथर शमवणारी साधनं, लावले. मी ‘अर्धसक्रिय अवमंदक’ लिहिलं. बाबांनी वाचून विचारलं, “निम्मे बंद पडलेत का?”

तात्या_सांगलीकर: निमसक्रिय करा. निमसरकारी, निमलष्करी चालतंच की.

शुद्धमती: निम फारसी. ‘अर्ध’ घरात असताना उसनवारी कशाला?

तात्या_सांगलीकर: मग सायलीच्या बाबांच्या तोंडचं ‘निम्मे’ही काढून घ्या.

गर्डर: अर्ध काय नि निम काय, बाबांची शंका तशीच राहते. झोका थांबवायचाय असं धरा. उलट्या बाजूनं ढकलणारा माणूस म्हणजे ॲक्टिव्ह. त्याला ताकद लागते, आणि वेळ चुकली तर झोका उलट वाढतो. सेमीॲक्टिव्ह म्हणजे जमिनीला पाय घासणं, कधी जोरात, कधी हलकेच. पाय ढकलत नाही, नुसता अडवतो. या डँपरच्या तेलात लोखंडाचे बारीक कण असतात. कॉइलमध्ये वीज सोडली की ते साखळीसारखे जुळतात आणि तेल काही मिलिसेकंदांत घट्ट होतं. बॅटरीची वीज पुरते. ती गेली तरी साधा डँपर उरतोच. यात अर्धं काय आहे?

सायली_क: पटलं. पण मग शब्द?

गर्डर: बदलरोधक? छे, ओढूनताणून वाटतोय.

शुद्धमती: आधी साध्या, पॅसिव्ह डँपरला म्हणतात ते ‘निष्क्रिय’ बदला. तैवानच्या तैपेई १०१ या उंच इमारतीतला ६६० टनांचा गोळा वादळात तिला सावरतो, आणि तुमच्या पुस्तकात तो निष्क्रिय! तो शब्द सरकारी खात्यांसाठी राहू द्या.

कोल्हापुरी_चप्पल: अवमंदक कोण म्हणतंय वो? आमच्या गॅरेजात शॉकॲप. “शॉकॲप गेलाय” म्हटलं की पोरगं पाना घेऊन खाली शिरतंय.

झुंजारराव: डँपर मुळात आपल्या ‘दमन’वरूनच गेलाय तिकडे. लिहून घ्या.

गर्डर: नाही हो. जर्मन ‘डाम्फ’ म्हणजे वाफ, त्या कुळातला शब्द आहे तो. ओल या अर्थाचा डँपही तोच.

झुंजारराव: वाफ? मग दम बिर्याणीतला दम!

तात्या_सांगलीकर: तो फारसी, अर्थ श्वास. म्हणजे शुद्धमतीताईंना बिर्याणीही वर्ज्य.

शुद्धमती: आमच्याकडे भाताला वाफ आणतात, दम नाही.

सायली_क: अहो, उद्या लेख द्यायचाय! फिजिक्सच्या पुस्तकातलं ‘आंदोलन’ उचलून ‘पुलावरील आंदोलनाचे नियंत्रण’ असा मथळा पाठवला, तर संपादकांनी फोन करून विचारलं, मोर्चा कुठल्या पक्षाचा होता?

कोल्हापुरी_चप्पल: ते जाऊ द्या ताई. दम द्यायला पातेलं तव्यावर ठेवायचं, की झाकणावर निखारे?

झुंजारराव: दोन्ही. आणि कडेनं कणीक लावायची.