'अल्ट्रासाउंड-गायडेड रोबोटिक सर्जरी'ला मराठीत काय म्हणावं?

कानामात्रा: मूत्रपिंडातली फक्त गाठ काढायच्या शस्त्रक्रियेची माहिती मराठीत लिहायची आहे. 'स्वनातीत-मार्गदर्शित यंत्रमानवी शस्त्रक्रिया' चालेल?

टाका: नाही. स्वनातीत म्हणजे आवाजापेक्षा वेगवान, ते विमान. इथे वेग आवाजाचाच, शरीरात सेकंदाला सुमारे १५४० मीटर, फक्त कंप्रता (सेकंदाला होणारी कंपनं) कानापलीकडची. म्हणून कोशात श्राव्यातीत. पण रुग्ण सोनोग्राफीच म्हणतो, तेच लिहा. 'यंत्रमानवी'ने रोबोट आपणहून कापतो असं वाटतं. दा विंची या सर्जरी-रोबोटचे हात कन्सोलवरचा, म्हणजे नियंत्रणाच्या टेबलावर बसलेला सर्जन हलवतो. आणि 'मार्गदर्शित' तर नकोच. गाठीवरची चरबी बाजूला करून प्रोब (सोनोग्राफीचं लहरी सोडणारं टोक) मूत्रपिंडावर टेकवतात, आडवा-उभा फिरवून गाठीची कड आणि खोली बघतात, मग कॉटरीने (विजेच्या चटक्याने) ठिपके देत रेघ आखतात. धमनीला चिमटा लागतो तो त्यानंतर. कापताना प्रोब बाजूलाच असतो. 'सोनोग्राफीने आखून' म्हणा.

घडी: प्रोबला 'एषणी' सुचवतात. सुश्रुताची एषणी जखमेत खुपसायची सळई. हा प्रोब मूत्रपिंडाच्या पृष्ठभागावर सरकतो. मदतनिसाच्या पोर्टमधून (पोटावरच्या छिद्रातल्या नळीतून) वायरीसकट आत सोडतात आणि प्रोबच्या पाठीवरचा पंख रोबोटचा चिमटा धरतो. प्रोबच बरा.

कानामात्रा: गाठीबरोबर कापायच्या निरोगी कडेला, म्हणजे मार्जिनला?

घडी: शिंप्याची 'माया'! गाठीभोवती निरोगी भागाची माया धरून कापायचं.

टाका: शब्द झकास, पण कपड्यातली माया कपड्यातच राहते, इथली गाठीबरोबर बाहेर जाते. एवढं एक वाक्य जोडा. 'मार्जिन पॉझिटिव्ह'चं भाषांतर मात्र 'सकारात्मक' करू नका, रुग्ण खूश होईल. 'कापलेल्या कडेला कर्करोगाच्या पेशी आढळल्या' असं स्वच्छ लिहा.

घडी: 'गाठ दिसली नाही' यातही दोन अर्थ आहेत. प्रोब नीट टेकला नाही की मधल्या हवेने चित्र काळं पडतं. तिथे सलाईन सोडलं की उजळतं. दुसऱ्या प्रकारात चित्र चांगलं असतं, पण गाठीचा प्रतिध्वनी शेजारच्या ऊतीसारखाच येतो आणि कड सापडत नाही. अशा गाठीला 'समप्रतिध्वनी' म्हणतात. तिथे सलाईन ओतून उपयोग नाही, आधीचा सीटी शेजारी लावून बघावं लागतं.

कानामात्रा: मग पहिल्याला 'चित्र आलं नाही' आणि दुसऱ्याला 'गाठ वेगळी ओळखू आली नाही' असं लिहितो.