सिरॅमिक मेम्ब्रेन: गाळणी, पडदा की पटल?

भाषांतरवाली
नमस्कार मंडळी. हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या सिरॅमिक मेम्ब्रेन कशा तयार करतात, यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. नैसर्गिक वायू आणि वाफ यांच्यापासून हायड्रोजन करताना सोबत कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, उरलेला मिथेन आणि वाफ असतेच. त्या मिश्रणातला हायड्रोजन तेवढा मेम्ब्रेनमधून पलीकडे जातो. मी शीर्षक दिलंय ‘मृत्तिका गाळणीद्वारे हायड्रोजनचे विलगीकरण’. आत ‘सिंटरिंग’ला सगळीकडे ‘भाजणे’ लिहिलंय. चालेल का?

रसायन_शिक्षक
‘विलगीकरण’ नको. करोनापासून तो शब्द वाचला की डोळ्यांसमोर रुग्ण येतो. ‘हायड्रोजन वेगळा काढणे’ एवढं साधं लिहिलं तर कुठे अडत नाही. मेम्ब्रेनला ‘पटल’ हा शब्द रुळलेला आहे. पेशीपटल मुलं शाळेत शिकतात, अर्धपार्य पटल रसायनाच्या पुस्तकांत आहे.
‘मृत्तिका’ही काढा. या पटलांत ॲल्युमिना, सिलिका, झिर्कोनिया अशी ऑक्साइडं असतात, माती नसते. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ कुंभाराची माती असाच होता हे खरं, पण आज ‘सिरॅमिक’ म्हटल्यावर तो कोणाच्या मनात येत नाही. ‘मृत्तिका’ म्हटल्यावर मात्र मातीच येते.

नळी_आणि_भट्टी
‘पटल’ला माझाही कौल. ‘गाळणी’बद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माझं काम अशी पटलं चढवलेल्या नळ्यांचं आहे आणि या शब्दाने वाचकाची समजूत चुकीच्या दिशेला जाईल.

हायड्रोजनची सिरॅमिक पटलं मुख्यतः दोन जातींची. पहिलीत छिद्रं असतात. आधी ॲल्युमिनाची भुकटी, बंधक आणि पाणी मळून साच्यातून नळी दाबून काढतात, वाळवतात, भाजतात. ही आधारनळी, तिचं काम फक्त बळ देण्याचं. तिच्यावर बोहमाइटच्या (ॲल्युमिनियमचं एक खनिज) सोलमध्ये, म्हणजे अतिसूक्ष्म कण तरंगत असलेल्या द्रवात, बुडवून दुसरा थर चढवतात आणि साधारण ६०० अंश सेल्सिअसला तापवतात. तिथे गॅमा ॲल्युमिना (ॲल्युमिनाचं एक स्फटिकरूप) तयार होतो, छिद्रं सुमारे ४-५ नॅनोमीटरची. त्यावर सिलिकाचा थर, काही दहा नॅनोमीटर जाडीचा. खरी निवड तिथे होते. हायड्रोजनचा रेणू ०.२८९ नॅनोमीटर, कार्बन डायऑक्साइडचा ०.३३, नायट्रोजनचा ०.३६४, मिथेनचा ०.३८. फरक इतका बारीक आहे की वाळताना हवेतला एक धूलिकण थरावर बसला तरी तिथे भोक राहतं. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात दे फोस आणि फेरवेइ यांनी १९९८ मध्ये फार चांगली सिलिका पटलं करून दाखवली. थर चढवण्याचं काम त्यांनी धूळमुक्त खोलीत केलं होतं. या जातीला ‘रेणूंची चाळणी’ म्हणा, हरकत नाही.

दुसऱ्या जातीत छिद्र हाच दोष! ती पटलं पूर्ण घट्ट असतात. जपानमध्ये इवाहारा आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवलं की स्ट्रॉन्शियम सेरेट या सिरॅमिक ऑक्साइडमध्ये दुसऱ्या धातूची थोडी भर घातली तर तापवल्यावर त्यातून प्रोटॉन वाहतात. एका पृष्ठभागावर हायड्रोजनचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन सुटे होतात. प्रोटॉन स्फटिकातल्या एका ऑक्सिजनवरून दुसऱ्यावर उड्या मारत जातात, इलेक्ट्रॉनही त्याच पदार्थातून किंवा बाहेरच्या तारेतून जातात आणि पलीकडे पुन्हा हायड्रोजन बनतो. यात काहीच गाळलं जात नाही. ‘गाळणी’ वाचणारा माणूस इथे भोकं शोधत बसेल. ‘प्रोटॉनवाहक पटल’ म्हणा.

पाझर_तलाव
मग ‘पार जाणे’ला ‘पाझरणे’ का नको? माठ पाझरतो आणि माठ गळतो यांतला फरक घराघरांत माहीत आहे. पाझरणारा माठ चांगला, गळणारा टाकाऊ. परमिएशनला पाझर, लीकला गळती.

नळी_आणि_भट्टी
वा, हे फार नेमकं आहे! आमच्या तपासणीतला मुख्य प्रश्न हाच असतो, हा पाझर की गळती? निर्दोष सिलिका थरातून नायट्रोजन जवळपास येत नाही. थराला भोकं पडली आणि वायू मधल्या थराच्या ४ नॅनोमीटरच्या छिद्रांतून जायला लागला, तर हायड्रोजन नायट्रोजनच्या फक्त ३.७ पट वेगाने जातो. हा आकडा दोघांच्या रेणुभारांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ, म्हणजे १४ चं. आधारनळीपर्यंत मोठी भेग गेली असेल तर निवडच उरत नाही, मिश्रण जसंच्या तसं पलीकडे. तेव्हा मोजमापात ३.७ च्या आसपास आकडा दिसला की गळती समजायची. फक्त ‘पाझर’ पहिल्या जातीला वापरा. घट्ट पटलाला ‘वहन’ बरं.

भाषांतरवाली
फारच उपयोगी. आणि ‘भाजणे’?

नळी_आणि_भट्टी
भट्टीवर आम्ही सर्रास ‘भाजणे’च म्हणतो, पण तुमच्या लेखात दोन क्रिया वेगळ्या दिसायला हव्यात. कॅल्सिनेशनमध्ये पाणी आणि सेंद्रिय द्रव्य उडवायचं असतं आणि छिद्रं राखायची असतात. सिंटरिंगमध्ये कण न वितळता एकमेकांना सांधतात, वस्तू आक्रसते. आधारनळीचं सिंटरिंग थोडक्यात आवरतात, म्हणजे ती सच्छिद्र राहते. घट्ट पटलाचं मात्र छिद्रं बुजेपर्यंत करतात. दोन्हींना ‘भाजणे’ लिहिलं तर मधला थर ६०० अंशांवरच का थांबवला, हे वाचकाला उमगणार नाही. त्याहून खूप जास्त तापवला तर गॅमाचा अल्फा ॲल्युमिना होतो आणि बारीक छिद्रं जातात.

रसायन_शिक्षक
कॅल्सिनेशनला ‘निस्तापन’, सिंटरिंगला ‘तापपिंडन’. पहिल्यांदा येतील तिथे अर्ध्या ओळीत अर्थ सांगा.

नळी_आणि_भट्टी
‘तापपिंडन’ आवडला, पिंड घट्ट होतो हे त्यात आहे. घट्ट पटलांच्या भागात तो बराच लागेल. बेरियम सेरेट प्रोटॉन छान वाहतं, पण कार्बन डायऑक्साइडशी गाठ पडली की त्याचं बेरियम कार्बोनेट होऊ लागतं. त्यात झिर्कोनियम वाढवलं की टिकाऊपणा येतो, मात्र तापपिंडनाला १७०० अंशांच्या आसपास जावं लागतं. थोडं निकेल ऑक्साइड मिसळलं की तेच काम १५०० च्या आसपास होतं.

पाझर_तलाव
‘क्रॅक’ला भेग की तडा?

नळी_आणि_भट्टी
थर वाळताना पडते ती भेग. भट्टी थंड होताना थर आणि नळी कमीजास्त आकुंचन पावून जातो तो तडा. आम्ही असंच बोलतो.

भाषांतरवाली
शीर्षक बदललं: ‘हायड्रोजन वेगळा काढणारी सिरॅमिक पटलं’. आता एकच शंका. नळीच्या टोकाला धातूशी जोडतात तिथल्या ‘सील’ला काय लिहू?

नळी_आणि_भट्टी
सीलच लिहा, सगळ्यांना कळतं. पण त्या परिच्छेदाला कात्री लावू नका. नॉर्वे आणि स्पेनमधल्या संशोधकांनी २०२२ मध्ये प्रोटॉनवाहक सिरॅमिकच्या ३६ घटांचा (सेलचा) संच चालवून दाखवला. त्यात एवढ्या घटांना जोडणारे धातू आणि काच-सिरॅमिकचे सांधे हीच मोठी कामगिरी होती. पटल कितीही निर्दोष असो, सांध्यातून वायू गेला तर ती गळतीच.