इंडोनेशियात ‘देसा’ म्हणजे खेडं आणि ‘नेगारा’ म्हणजे देश! हे उलटं कसं?

गाळा_नंबर_अमुक (वाशी): एपीएमसीच्या मसाला मार्केटात एका गाळ्यावर हिशेब लिहितो. आमच्याकडे जायफळ इंडोनेशियाहून येतं, त्यांचे कागद चाळता चाळता नाद लागला. जायफळाला ते म्हणतात ‘पाला’. पहिल्यांदा वाटलं, पाचोळा पाठवतायत की काय! मग कळलं, हे आपलं ‘फळ’. खर्चाला ‘बिआया’, म्हणजे व्यय. इथवर ठीक. पण पत्त्यात ‘देसा’ दिसलं म्हणून मी देशाच्या रकान्यात चक्क एका खेड्याचं नाव टाकलं. शेठ अजून हसतात. कोणी समजावेल का?

तीनहातनाका: तुम्ही एकटे नाही चुकलात. संस्कृतात देश म्हणजे जागा, मुलूख. कोकणातला माणूस ‘देशावर’ जातो तो काय पासपोर्ट घेऊन? आणि देशमुख आठवा, तो परगण्याचा वतनदार, राष्ट्रपती नव्हे. तिकडे गावच्या मुख्याला ‘कपाला देसा’ म्हणतात. कपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ. देशमुखाचा चुलतभाऊच तो! ‘नेगारा’चं म्हणाल तर, ते आपलं ‘नगर’. जुन्या जावानीजमध्ये नगर म्हणजे राजधानी, राजाचं ठाणं. त्यावरून सगळं राज्यच नगर झालं. जावातल्या मजापहित राज्याच्या दरबारातल्या प्रपंच कवीने १३६५ साली राजाच्या मुलूखफेरीवर काव्य लिहिलं, त्याला स्वतः नाव दिलं ‘देशवर्णन’. लोक मात्र त्याला ‘नागरकृतागम’ म्हणून ओळखतात. एकाच काव्याला दोन्ही शब्द चिकटले, बघा.

ऐरोलीची_मावशी: किमतीला ‘हार्गा’ म्हणतात, तेही लिहा ना. तो संस्कृत ‘अर्घ’, म्हणजे मोल. महार्घचं आपण ‘महाग’ केलं. मला गंमत वाटते ती ‘चाहाया’ची. शब्द ‘छाया’च, पण अर्थ उजेड!

तीनहातनाका: मावशी, संस्कृतात छायेला कांती, झळाळी असाही अर्थ आहे. त्यांनी तेवढाच उचलला.

खारघर_टेकडी: सगळीकडे संस्कृत शोधू नका बुवा. सूर्याला ‘माताहारी’ म्हणतात, त्यात ना माता ना हरी. माता म्हणजे डोळा, हारी म्हणजे दिवस. दिवसाचा डोळा. दोन्ही शब्द त्यांच्या घरचे.

गाळा_नंबर_अमुक (वाशी): खरंय. जायपत्रीला ‘बुंगा पाला’ म्हणतात; त्यातलं बुंगा, म्हणजे फूल, तेही त्यांचंच. देशमुखांचं शेठना सांगितलं. म्हणाले, ते राहू दे, आजचा हार्गा काय आलाय ते बघ.