नीतीला ईश्वराचे प्रमाण लागते का? निमित्त : फुले, आगरकर आणि संमतिवयाचा वाद

नदीकाठ (धागाकर्ता) :
नीती ही त्या त्या समाजाची आणि काळाची उपज असते, असे हल्ली सहज म्हटले जाते. ते मान्य केले तर मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे किमान वय ठरवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याकडे कसे पाहायचे? त्याआधी कलकत्त्यात फुलमणी दासी ही कोवळ्या वयाची मुलगी पतीच्या बळजबरीमुळे दगावली होती. परंतु तिने दहा वर्षे ओलांडलेली असल्याने त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा बसू शकला नाही. नव्या कायद्याने ते वय बारावर नेले. नीती सापेक्ष असेल, तर त्याच्या समाजाच्या मापाने त्या पतीचे काय चुकले?

जोतीराव फुल्यांनी ही अडचण ओळखली होती, असे मला वाटते. त्यांच्या निधनानंतर, १८९१ सालीच, प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त स्त्रीपुरुषांच्या समान हक्कांचा आधार रूढी नाही, सरकारही नाही, तो निर्मिक, म्हणजे सृष्टी निर्माण करणारा ईश्वर, आहे. माणसांच्या वर काहीच प्रमाण नसेल, तर बहुमतासमोर एकट्याने उभे राहणाऱ्याने दाद कोणाच्या नावाने मागायची?

पडवी :
प्रश्न रास्त आहे, पण उदाहरण तुमच्यावरच उलटते. संमतिवयाच्या वादात ईश्वरी प्रमाण विरोधकांच्याच हाती होते. प्रथम ऋतुदर्शनानंतर गर्भाधान, म्हणजे पतिपत्नीच्या पहिल्या समागमाचा संस्कार, झालाच पाहिजे, ही शास्त्राज्ञा आहे आणि परक्या सरकारने तीत हात घालू नये, असे त्यांचे म्हणणे होते. भांडारकरांसारख्या विद्वानालाही कायद्याच्या बाजूने उभे राहण्यासाठी शास्त्रवचनेच धुंडाळावी लागली. त्याआधी १८७० साली पुण्यात शंकराचार्यांपुढे विधवाविवाहावर वाद झाला, तेव्हा पराशरस्मृतीतल्या एकाच श्लोकात एका पक्षाला विधवेच्या पुनर्विवाहाची परवानगी दिसली, तर दुसऱ्याला तो केवळ वाग्दान झालेल्या, म्हणजे लग्न ठरले पण लागले नाही अशा, मुलीपुरता वाटला. निकाल विधवांच्या विरोधात गेला.

फुल्यांचेही बारकाईने पाहा. विषमता शिकवणारे ग्रंथ निर्मिकाचे असूच शकत नाहीत, असे ते म्हणतात. म्हणजे समतेची कसोटी आधी त्यांच्या हातात होती आणि ईश्वराच्या नावाने आलेले सारे त्यांनी त्या कसोटीवर घासून घेतले. देवाला प्रिय म्हणून एखादी गोष्ट चांगली, की चांगली म्हणून ती देवाला प्रिय, हा प्लेटोच्या संवादातला जुना पेच इथे आपोआप सुटतो. आगरकरांनी तर मधला निर्मिकही वगळला. जिवंतपणी स्वतःची प्रेतयात्रा निघालेली पाहूनही हा अज्ञेयवादी माणूस आपल्या मतावरून ढळला नाही.

नदीकाठ :
आपण दोन प्रश्नांची गल्लत करत आहात. बांधाची हद्द कुठे आहे यावरून भाऊबंद पिढ्यान्‌पिढ्या भांडतात, म्हणून हद्दच नाही असे कोणी म्हणत नाही. श्लोकाचा अर्थ लावताना माणसे चुकतात, एवढेच आपण सिद्ध केलेत. आगरकरांच्या निष्ठेबद्दल दुमत नाही. परंतु दुसऱ्याच्या सुखासाठी मी माझे सुख का सोडावे, याचे बंधनकारक उत्तर मला त्यांच्या बुद्धिवादात सापडत नाही. त्यांचे आचरण त्यांच्या सिद्धांतापेक्षा मोठे होते, असेच मी म्हणेन.

उत्तररात्र :
एक तर ईश्वर, नाही तर सापेक्षता, ही जोडीच मला फसवी वाटते. आपली शास्त्रे स्वतः कितीतरी सापेक्ष आहेत. कृत, त्रेता, द्वापर आणि कली या युगांचे धर्म वेगवेगळे, असे मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे, आणि पूर्वी विहित असलेला नियोग (अपत्यासाठी स्त्रीने दिरासारख्या पुरुषाशी ठेवायचा संबंध) धर्मशास्त्रावरील निबंधकारांनी कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध गोष्टींच्या, यादीत टाकला. (सनातन म्हणवणाऱ्यांनी ही यादी एकदा तरी वाचावी.) उलट बाजूला डॉ. आंबेडकर आहेत. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले आणि १९५६ साली त्यांनी जो धम्म स्वीकारला, त्यात ईश्वर नाही. ईश्वराच्या जागी नीती आहे, असे त्यांनी स्वतः मांडले. तरीही ती नीती प्रत्येकाच्या मर्जीवर सोडलेली नाही.

पडवी :
सहमत. ‘कोणाच्या नावाने’ या प्रश्नाला रखमाबाईंचे उत्तर पुरेसे आहे. नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने कैद, असा हुकूम १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने दिला, तेव्हा त्यांनी कैदेची तयारी दाखवली. अजाण वयात, माझ्या संमतीवाचून झालेले लग्न मला बांधत नाही, एवढाच त्यांचा मुद्दा होता. त्याला देवाची साक्ष लागली नाही.

नदीकाठ :
पण न्यायालय, रूढी आणि अनेक वृत्तपत्रे त्यांच्या विरोधात होती, आणि पुढच्या वर्षी त्यांची सुटका झाली ती नवऱ्याला पैसे देऊन. त्या काळाच्या प्रत्येक चालू मापाने त्या हरल्या होत्या. तरीही त्या तेव्हाच बरोबर होत्या, केवळ आज आपल्याला तसे वाटते म्हणून नव्हे, असे आपण दोघेही मानतो. ते कोणत्या मापाने, हे आपण अजून सांगितलेले नाही.